नऊ ऑक्टोबरची पोच

३ ऑगस्ट

दादा,

लगेच फाडू नकोस. पहिलं पान वाच, मग हवं तर फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते. म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढं मलाही कळतं. पत्ता आत्याकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, ती नाहीच म्हणत होती, मी तिची पाठच सोडली नाही.

काम छोटं आहे. मी अपील केलंय. कॅप्टनच्या प्रमोशनची माझी तारीख अठ्ठावीस ऑक्टोबर लागलीय, ती नऊ ऑक्टोबर करून मागतेय. का, तर पूलबांधणीचा मोठा कोर्स आपल्या राखीव दलाला पहिल्यांदाच उघडलाय! सहा महिने, पूर्ण वेळ, खरे पूल, खरी नदी. शनिवार-रविवारचा गणवेश आणि सोमवारी पुन्हा लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासत बसणं, असं नाही. पण अट आहे. यंदाच्या पंधरा ऑक्टोबरला कॅप्टन म्हणून तीन वर्षं पूर्ण हवीत. मला तेरा दिवस कमी पडतात. तेरा, दादा! आणि पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही.

आपल्याकडे तारीख परीक्षेवरून लागत नाही, शेवटचा कागद ऑफिसात जमा झाला त्या दिवसावरून लागते. माझा शेवटचा कागद मेडिकलचा. तुझा आणि माझा, दोन्ही मेडिकल मीच नऊ तारखेला खिडकीवर दिले होते, आठवतं? नेहमीचे तारीखकाका रजेवर होते. बदलीवरच्या बाईंनी दोन्ही कागदांची मिळून एकच गुलाबी पोच दिली. आपलं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक (आईची हौस!), बाईंनी दोन्ही कागद तुझ्याच फाइलला लावून टाकले. माझा कागद तिथून सापडला अठ्ठावीसला. तुझा नेमबाजीचा कागद बाराला आला, म्हणून तुझी तारीख बारा. म्हणजे मी खरं तर तुझ्याआधीच पूर्ण होते!

ती पोच मी घरी येऊन तुझ्या हातात दिली होती. तू पाकिटात ठेवलीस. तुझं पाकीट म्हणजे म्युझियम, त्यात ती अजून असणारच. बारा सप्टेंबरला बोर्ड बसतंय. त्याआधी पाठवशील?

नदीबद्दल मी काहीच लिहीत नाहीये. ते झालं ते झालं. हे नुसतं तारखेचं काम आहे.

बाबा बरे आहेत. गुडघा सोडला तर.

तुझी,
घाईबाई
(तुझ्याशिवाय मला असं कोणी म्हणत नाही.)

१४ ऑगस्ट

दादा,

पोच पाठवू नकोस. सापडली असली तरी नको.

काल ऑफिसात गेले होते. तारीखकाकांना वाटलं होतं मी पेढे वगैरे घेऊन आलेय. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काय मागताय मॅडम?"

"एकोणीस दिवस, काका."

"कोणते?"

"कोणते म्हणजे?"

"अहो, दिवस काय किलोवर मिळतात? नऊ ते अठ्ठावीस. मध्ये काय काय येतं ते बघितलंत का मागण्याआधी?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं त्या वर्षाचं कॅलेंडर दाखवलं. जुनी कॅलेंडरं ते काढत नाहीत, एकावर एक चिकटवतात. वरची दोन उचलून ऑक्टोबर काढला आणि पेन्सिल वीसवर टेकवली. नदीचा दिवस, दादा.

मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी नदीवर तुम्ही दोघं. दोघांच्या खांद्यावर सारख्याच पट्ट्या. प्रमोशनचे आदेश आले नोव्हेंबरात, तारखा मात्र मागच्या. चौकशीत पहिला प्रश्न, सिनियर कोण? रजिस्टर मीच नेऊन दिलं. भाऊ बारा, बहीण अठ्ठावीस. म्हणजे वीस तारखेला नदीवर कॅप्टन एकच. भावाला काढलं, फाइल बंद. आता बहीण नऊ झाली तर?"

मी वरची दोन कॅलेंडरं पुन्हा खाली सोडली.

"फाइलींना एकच दोरी असते मॅडम. ही ओढायला जाल, ती डोक्यात पडेल."

मी म्हटलं, मग मी अर्ज मागे घेते. तर म्हणे, आता तो बोर्डाकडे गेलाय, मागे घ्यायचा तर कारण लेखी द्यावं लागेल. "काय कारण लिहिणार?" असं विचारून ते माझ्याकडे इतकं सरळ बघत राहिले की मी टेबलावरच्या पंचिंग मशीनकडे बघायला लागले. शेवटी त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, "पुरावाच आला नाही तर अर्ज आपोआप निकाली निघतो. चार ओळी टाइप करतात. कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही."

म्हणून म्हणते, पाठवू नकोस. मला कोर्स नको. मी इथेच बरी आहे.

२२ ऑगस्ट

दादा,

तुझं काहीच नाही. म्हणजे पत्रं पोचली नाहीत, की पोचली आणि तू पोच टाकलीस सुद्धा पोस्टात? मी रोज लॅबमधून येताना जिन्यातली पत्रपेटी उघडते. रिकामी दिसली की सुटल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परवा खाकी पाकीट दिसलं तर मी तिथेच पायरीवर बसले. विमा कंपनीचं होतं, बाबांच्या नावाचं.

बाबा विचारत होते, अपिलाचं काय झालं? शेजाऱ्यांना सांगून झालंय त्यांचं, "मुलगी मोठ्या कोर्सला निघाली." तुझं नाव ते काढत नाहीत. आपल्या दोघांचा गणवेशातला फोटो भिंतीवर आहे अजून, पण त्यांनी तो मधोमध दुमडून फ्रेममध्ये घातलाय. तुझी बाजू मागे. दुमड माझ्या खांद्यावरून गेलीय, त्यामुळे मला एकच हात आहे असं वाटतं. हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं.

नदीचं लिहिणार नव्हते. पण तुझ्याशी नाही तर कोणाशी बोलू?

तू म्हणाला होतास, "मी पुलीची पिन बघून येतो. येईपर्यंत थांब. शिट्टी वाजवू नकोस." मी ऐकलं होतं. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं मी बाबांना सांगितलंय, पण वारा नव्हता. कर्नलसाहेब बंधाऱ्यावर उभे राहून घड्याळ बघत होते. पलीकडच्या टीमने त्यांचा तराफा लावला पण होता. मला वाटलं, पिन तर मी सकाळीच बघितलीय. मी शिट्टी वाजवली. माणसांनी दोर ओढला. आणि आपल्या टीमच्या सुतारकाकांचा हात पुलीत होता.

एवढंच. तीन वाक्यांत मावतं.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला होता, "शिट्टी कोणाच्या हुकुमावरून?" मी म्हटलं, "सिनियरच्या." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस. मग तू म्हणालास, "हो. माझ्याच."

मी खोटं काही बोलले नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला समजावतेय.

जाताना तू एकच मेसेज टाकला होतास, "बाबांना तरी खरं सांग." मी थम्स-अप पाठवला. थम्स-अप, दादा! आणि सांगितलं नाही. त्यानंतर एकच टिक.

पोच नको पाठवूस. प्लीज.

२ सप्टेंबर

दादा,

आली.

आणि बाबांच्या हातात आली. मी घरात शिरले तर पाकीट जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेलं. तुझं अक्षर त्यांना कळणार नाही होय? त्यांनीच तर पाटीवर गिरवून घेतलं होतं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझं काहीतरी आलंय." पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र छोट्या जाहिरातींचं होतं. बाबा कधीपासून जुने फ्रीज बघायला लागले?

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उघडलं.

पत्र नाही. नुसती पोच. गुलाबी रंग जाऊन पांढरट झालीय, घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेत, पण शिक्का स्वच्छ. नऊ ऑक्टोबर. "वैद्यकीय दाखले, नग दोन." आणि मागे तुझ्या अक्षरात, "हरवली म्हणालीस तरी चालेल. मी कोणाला बोलणार नाही."

किती वेळ नळ चालू होता कोण जाणे. बाबांनी दार वाजवलं, "टाकी संपवतेस का?"

मला आत्ता कळलं, दादा. इतकी बिनडोक आहे मी. चौकशीच्या दिवशी ही पोच तुझ्या पाकिटात होती. तारीखकाकांनी रजिस्टर वाचलं, बारा आणि अठ्ठावीस, तेव्हा तू मागच्या खिशाला हात लावला होतास. मला वाटलं रुमाल काढतोयस. नुसता कागद टेबलावर ठेवला असतास तर सिनियर मी ठरले असते. तू हात परत पुढे घेतलास.

नंतर मी किचनमध्ये गेले. गॅस पेटवला. चिमटीत धरलेला कागद, खाली आच. कोपरा तपकिरी व्हायला लागला होता, आणि मागून बाबा, "चहा टाकतेस? मग अर्धा कप मलाही." मी मूठ मिटली आणि डाव्या हाताने चहा केला. साखर दोनदा पडली. बाबांनी निमूटपणे प्यायला, ते तर एक चमचाही जास्त झाला तर कप परत सरकवतात.

मला वाटतं त्यांना काहीतरी कळलंय. किंवा मलाच आता सगळ्यांना सगळं कळलंय असं वाटतं. लॅबमधला शिकाऊ "मॅडम, एक विचारू?" म्हणाला तरी माझ्या हातातली कवळी निसटते. त्याला प्लास्टर किती वेळ वाळू द्यायचं ते विचारायचं होतं.

पोच माझ्याकडे आहे. जळालेला कोपरा सोडला तर पूर्ण. बोर्डाला दहा दिवस.

९ सप्टेंबर

दादा,

मी सुतारकाकांकडे जाऊन आले. कशाला गेले मलाही नीट माहीत नाही. तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते. हॉस्पिटलमध्ये फुलं पाठवली होती, कार्डावर "सर्व सहकारी" असं लिहून.

दुकान तेच, पण अर्ध्यात आता सायकली दुरुस्त होतात, ती बाजू त्यांनी भाड्याने दिलीय. ते शाळेचा बाक करत होते. फळी गुडघ्याने दाबायची, उजव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्याने आणि मनगटाने धरायची, करवत डाव्या हातात. रेष जरा वाकडी जाते. मग ते रंध्याने सरळ करून घेतात. मी दारातच उभी राहिले. पळून जायचाच बेत होता.

"या की कॅप्टनसाहेब. उन्हात का? बाक आहे, पण त्याला अजून पाय नाहीत."

मी जमिनीवरच बसले, भुशात. पाठ करून आलेली सगळी वाक्यं विसरले. म्हटलं, "काका, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी शिट्टी..."

"तुमची होती," ते म्हणाले. करवत थांबली पण नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दादासाहेब लांब वाजवायचे. एक श्वास भरून. माणूस हात काढून, घाम पुसून, मग दोर धरेल एवढी लांब. तुमची आपली टुर्रकन. ती मला झोपेतही ओळखता येते."

"मग तुम्ही चौकशीत..."

"चौकशीत मला बोलावलंच कोणी? दवाखान्यात एक जण फॉर्म घेऊन आला. म्हणाला, काका सही करा. मी हात वर करून दाखवला. मग म्हणाला, बरं, अंगठा द्या. अंगठा तेवढा राहिला होता, नशीब बघा!" आणि हसले, दादा. त्यांना खरंच हसू आलं. मला रडूही येत नव्हतं.

मी म्हटलं, मला भीती वाटते काका. बारा तारखेला बोर्ड आहे. मी बोलले तर मला काढतील, कदाचित केसही होईल. बाबांच्या तोंडाकडे मी कशी बघू?

त्यांनी फुंकर मारून रेषेवरचा भुसा उडवला. म्हणाले, "मला विचाराल तर माझी बोटं काही बोर्ड परत देणार नाही. दादासाहेब मात्र दर महिन्याला मला फोन करतात. पहिल्या रविवारी. विचारतात, हात ठणकतो का. मी म्हणतो, अहो तुमची चूक नव्हती, कशाला फोन करता? तर म्हणतात, 'पिन मी आधी बघायला हवी होती.'" मग फळी फिरवून घेत, "एवढ्या लांबून माणूस माझी विचारपूस करतो. तुम्ही जवळून जाता, पण दुकान टाळून, पुढच्या गल्लीतून."

मला वाटत होतं ते कोणाला दिसत नाही.

निघताना म्हणाले, "हे टोक धरा जरा. एवढं कापून देऊन जा." मी फळी धरली. हात इतके थरथरत होते की ते म्हणाले, "बाक थरथरेल हो, पोरं पडतील." कापून होईपर्यंत धरून ठेवली.

१२ सप्टेंबर, सकाळी

दादा,

मी बोर्डाच्या बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. लांब बाकडं, पाण्याचं मशीन, एक घड्याळ, ते पाच मिनिटं पुढे आहे. अक्षर वाईट येतंय, समजून घे.

पोच वहीत आहे. अजूनही मी "हरवली" म्हणू शकते. दाराशी तारीखकाका बसलेत, मांडीवर दोन फाइली. एक माझ्या अर्जाची. दुसरी जाड आहे, धुळीची आहे, ती मला ओळखता येते. मी विचारलं, "काका, ही कशाला आणलीत? कोणी मागितली?"

"कोणी नाही. लागली तर परत जिने कोण चढणार? नाही लागली तर नेईन खाली."

आत बोलावतायत.

१२ सप्टेंबर, दुपारी

तीन जण होते. मधल्या बाई कागद चाळत म्हणाल्या, "पुरावा आहे?"

मी वहीचा कोपरा दुमडत राहिले, शेवटी डावीकडचे साहेब म्हणाले, "नसेल तर नाही म्हणा, पुढची केस आहे." सुटायचं दार त्यांनी स्वतः उघडून धरलं होतं, दादा. मला फक्त बाहेर पडायचं होतं. मी वही उघडली आणि पोच टेबलावर ठेवली. घाईत ठेवली, ती नेमकी बाईंच्या चहाच्या बशीत पडली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "कोपरा जळालाय."

"मीच जाळत होते, मॅडम."

मग सगळं सांगितलं. सलग नाही आलं, आधी पुली सांगितली, मग पिन, मग परत मागे जाऊन "शिट्टी वाजवू नकोस". शिट्टी कोणाच्या हुकुमावरून, असं त्यांनी परत विचारलं. तोच प्रश्न, शब्दसुद्धा तेच. मी म्हटलं, "कोणाच्याच नाही. हुकूम थांबण्याचा होता." उजवीकडचे साहेब पहिल्यांदाच बोलले, "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?" मी हो म्हटलं. पूर्ण कळलेला नव्हता, अजूनही नाही.

बाईंनी तारीखकाकांकडे नुसता हात पुढे केला. त्यांनी जाड फाइल दिली.

निकाल अर्ध्या तासात आला. अपील मंजूर. माझी तारीख नऊ ऑक्टोबर. त्याच कागदावर खाली दुसरी ओळ, नदीची चौकशी पुन्हा उघडण्यात येत आहे, तोपर्यंत अधिकाऱ्याला कोणत्याही कोर्सला पाठवू नये. काकांनी कागद देताना शिक्का जरा जास्तच जोरात मारला. म्हणाले, "अभिनंदन म्हणू की काय म्हणू, मला या नोकरीत पहिल्यांदाच कळत नाहीये."

पुढच्या महिन्यात चौकशी. तुलाही समन्स येईल. मला काय होईल ते काकांना पण सांगता येत नाही. मला फार भीती वाटतेय दादा, खरंच. आता घरी जाईन. बाबा पेपर धरून बसलेले असतील, मी त्यांच्या समोर बसेन आणि सांगेन. आधी मी तो फोटो फ्रेममधून काढणार आहे, म्हणजे सांगितल्याशिवाय गत्यंतरच राहणार नाही.

आणि एक. आता सरकारी कागदावर मी तुझ्यापेक्षा तीन दिवसांनी मोठी आहे. तू गेलास तेव्हा वाद घालायला मला तोंड नव्हतं, पण आता सिनियर म्हणून मी हुकूम देऊ शकते, आणि तुला तो मोडता येणार नाही. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या फोनवरून तुला फोन लावणार आहे. आधी मी बोलेन. ते काही बोलतील की नाही, माहीत नाही.

फोन उचल. मी रिंग लांब वाजू देईन. एक श्वास भरून.

घाईबाई